बटणांचा डबा

सत्तरी उलटलेल्या, आणि जन्मात कधी सिगारेट न ओढलेल्या माणसाने सिगारेटच्या पाकिटांतली चित्रे जमवावीत, हे ऐकून लोक आधी हसतात. ती चित्रे एकोणिसाव्या शतकातल्या गोऱ्या मुष्टियोद्ध्यांची आहेत असे सांगितले, की हसणे थांबते आणि चेहऱ्यावर माझ्याविषयी काळजी दिसू लागते. आमच्या सौ.ने ती काळजी केव्हाच सोडून दिली आहे. "पेन्शनीत भागतंय तोवर जमवा," एवढाच तिचा शेरा असतो. तो मी परवानगी म्हणून घेतो.

रोग तसा लहानपणचाच. पुण्याला आमच्या पेठेतली आम्ही मुले रस्त्यावरची सिगारेटची रिकामी पाकिटे आणि काड्यापेट्यांवरचे छापे गोळा करीत असू. असली घाण घरात आणायची बंदी होती; म्हणून जिन्याखालच्या एका फुटक्या हंड्यात आमचा खजिना असे. वाड्यामागेच तालीम होती. तिथल्या मल्लांविषयी आम्हांला जो धाक आणि जे प्रेम वाटे, ते शाळेतल्या मास्तरांच्या वाट्याला कधी आले नाही. पाकीट आणि पहिलवान या माझ्या दोन्ही भक्ती पुढे अर्ध्या शतकाने एकाच चिटोऱ्यावर भेटायच्या होत्या, हे तेव्हा कुठे ठाऊक होते!

आमची लेक अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरी राहते. २०१२ साली आम्ही दोघे प्रथम तिच्याकडे गेलो, आणि पहिल्या आठवड्यातच एक नाव वारंवार कानी पडू लागले. वनस्पतींचा बाग पाहायला गेलो, तो लुइस गिंटर यांच्या नावाचा. गावातले सर्वांत दिमाखदार हॉटेल पाहिले, ते १८९५ साली उघडलेले, बांधवून घेणारे पुन्हा गिंटरच. हा गृहस्थ कोण म्हणून विचारले, तर तंबाखूचा व्यापारी. ॲलन अँड गिंटर ही त्याची पेढी. शेकडो मुली तिथे हातांनी सिगारेटी वळीत. आणि ते काम करणारे यंत्र जो तयार करील त्याला या पेढीने पंचाहत्तर हजार डॉलरचे बक्षीस लावले होते.

सिगारेटचे पाकीट त्या काळी मऊ कागदाचे असे. खिशात ते दबू नये म्हणून आत जाड कागदाचा एक तुकडा घालीत. हा तुकडा कोराच कशाला ठेवायचा, त्यावर चित्र छापावे, असे कोणा चतुर डोक्यात आले. पेढीने १८८७ साली 'जगज्जेते' म्हणून पन्नास चित्रांची एक मालिका काढली. दीड इंच रुंद, पावणेतीन इंच उंच. शिळाछापाचे ते रंग आजही डोळ्यांत भरतात. चेंडूफळीतले खेळाडू, वल्हेकरी, मल्ल, बिलियर्डवाले, नेमबाज (त्यांत ॲनी ओकली ही एक बाई आणि बफेलो बिल) आणि दहा मुष्टियोद्धे. पण खरे चातुर्य पुढच्या बाजूला नव्हतेच. चित्राच्या पाठीवर पन्नासांची यादी छापलेली होती. आपल्याजवळ काय नाही हे ज्याला छापील कळले, त्याची झोप गेलीच म्हणून समजा. पुढे १८९० साली ॲलन अँड गिंटर आणि तिच्या प्रतिस्पर्धी पेढ्या एकत्र येऊन एकच अमेरिकन टोबॅको कंपनी झाली, स्पर्धा संपली, आणि चित्रेही आटली. गिऱ्हाईक जाणार कुठे?

मी पन्नासांच्या नादी लागलो नाही. माझी धाव दहांपुरती. जॉन एल. सलिव्हन, जेक किलरेन, चार्ली मिचेल, जेम स्मिथ, 'अजोड' म्हणून गाजलेला जॅक डेम्प्सी, बेलफास्टचा कोळी म्हणवणारा आइक वीअर, आणि असे आणखी चार. आणि 'जगज्जेते' हा शब्द व्यापाऱ्याचा, हेही ध्यानात ठेवावे. या दहांत एकही काळा माणूस नाही. पीटर जॅक्सन हा १८८६ पासून ऑस्ट्रेलियाचा विजेता होता. पण तो अमेरिकेत आला १८८८ साली, तेव्हा त्याच्यापुरता गिंटरसाहेबांना दोष देता येत नाही. सलिव्हनला मात्र देता येतो. काळ्या माणसाशी मी लढणार नाही, असे त्याने १८९२ साली उघड जाहीर केले होते. ज्या कॉर्बेटने त्याच वर्षी सलिव्हनला लोळवले, त्या कॉर्बेटशी जॅक्सन आदल्या वर्षी एकसष्ट फेऱ्या लढला होता आणि हरला नव्हता.

माझ्या विशेष जिव्हाळ्याचा होता तो जेक किलरेन. १८८७ च्या डिसेंबरात फ्रान्समधल्या सीन नदीच्या एका बेटावर तो जेम स्मिथशी १०६ फेऱ्या लढला. अंधार पडला म्हणून झुंज बरोबरीत सोडावी लागली. मग ८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपी राज्यात रिचबर्ग येथे त्याची सलिव्हनशी गाठ पडली. असल्या झुंजींना त्या राज्यात बंदी. म्हणून प्रेक्षकांच्या आगगाड्या न्यू ऑर्लीन्सहून सुटल्या आणि झुंजीचे ठिकाण मात्र गुप्त ठेवलेले. हातमोजे न घालता, जुलैच्या उन्हात, दोन तास सोळा मिनिटे, पंचाहत्तर फेऱ्या. शेवटी किलरेनच्याच माणसाने स्पंज रिंगणात फेकून हार कबूल केली. उघड्या मुठींनी लढली गेलेली अवजड गटातली ही अखेरची अजिंक्यपदाची झुंज. पुढे १९१८ साली सलिव्हन वारला, तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत किलरेन होता. हरलेला माणूस असा असावा, असे मला नेहमी वाटत आले. आणि नेमके त्याचेच चित्र मला सहा वर्षे मिळत नव्हते.

ते मिळाले २०१८ च्या उन्हाळ्यात. त्या देशात शनिवारी सकाळी लोक घरातली अडगळ अंगणात मांडून विकायला बसतात. लेकीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर एक वृद्ध बाई अशीच बसली होती. टेबलावर कपबशा, एक इस्त्री, जुनी गाण्यांची तबके, आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. डब्यात बटणे. शिंपल्यांची, लाकडी, पितळी, रंगीत. लहान मुले धान्याच्या राशीत हात घालतात तसा मी त्यांत हात घातला, आणि डब्याच्या कडेला उभा चिकटलेला एक पुठ्ठा बोटांना लागला. तो मी वर ओढला मात्र! कोपरे झिजलेले, वरच्या बाजूस टाचणीचे भोक. पण आपल्या मुठी छातीसमोर धरून किलरेन माझ्याकडे पाहत होता.

मी त्याला पुन्हा बटणांत दडपला. हे मी विचार करून केले असे नाही. हाताने केले. पण हात माझाच होता.

"किती?" म्हणून विचारले. "दोन डॉलर," बाई म्हणाली. मग शेजारी लुगडे सावरीत उभ्या असलेल्या आमच्या सौ.कडे पाहून ती हसली आणि तिने मला विचारले, "बटणांसाठी हवाय ना? शिवतात वाटतं या?"

मी मान हलवली. आपल्या लोकांची मान होकाराची की नकाराची, हे परदेशी माणसाला कळत नाही, अशी मी मागाहून मनाची समजूत घातली. पण तिला ती बरोबर कळली होती. "छान आहेत बटणं," ती म्हणाली, आणि दोन डॉलर घेतले.

वळणापुढे गेल्यावर मी सौ.ला ती गोष्ट सांगितली. शंभर डॉलरच्या आसपास त्या चित्राची किंमत व्हावी, हेही सांगितले. तिने एवढेच विचारले, "बाईंना माहीत होतं?" मी म्हटले, "नसावं." त्यावर ती काही बोलली नाही. घरापर्यंतची वाट एरवी पाच मिनिटांची. त्या दिवशी फार लांब वाटली.

रक्कम मोठी नव्हती. मोठी असती तर प्रश्न सोपा झाला असता. लाखांचा ऐवज दोन डॉलरना उचलणाऱ्याला कोणीही लुटारू म्हणेल. शंभर डॉलरसाठी इतके काय, असे तुम्हांलाही वाटत असेल. मलाही वाटले. पण रात्री पडल्या पडल्या मी तिच्याशी, म्हणजे न बोलणाऱ्या सौ.शी, मनातल्या मनात भांडू लागलो. तू मंडईत मेथीच्या जुडीसाठी भाव करतेस, ते काय असते? मग माझे मलाच उत्तर आले. जुडीचा भाव तिला ठाऊक असतो आणि भाजीवालीलाही असतो. दोघी एकमेकींच्या डोळ्यांत पाहून खेळतात. आणि एकदा याच बाईने, भाजीवालीने मोड देताना शंभराची नोट जास्त दिली म्हणून, भर उन्हात मंडईपर्यंत परत पायपीट केली होती. घासाघीस निराळी आणि हे निराळे.

पुण्यास परतल्यावर मी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. पाहतो तो हा प्रश्न दोन हजार वर्षांचा जुना. रोमच्या सिसेरोने आपल्या कर्तव्यांवरच्या ग्रंथात तो मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचे गलबत घेऊन येतो. मागून आणखी गलबते येत आहेत, हे त्याला ठाऊक, गिऱ्हाइकांना नाही. त्याने ते सांगावे की गप्प राहून चढा भाव घ्यावा? डायोजिनीस नावाचा तत्त्ववेत्ता म्हणतो, गप्प राहणे म्हणजे फसवणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपॅटर म्हणतो, माणसे एकमेकांसाठी आहेत, तेव्हा विकणाऱ्याला जे ठाऊक ते घेणाऱ्यालाही ठाऊक हवे. सिसेरो शिष्याच्या बाजूचा. मी त्या रात्री गुरूच्या बाजूने झोपी गेलो.

आणखी एक खटला हाती लागला, आणि तो तंबाखूचाच निघाला! १८१५ साली इंग्रजांच्या नाकेबंदीमुळे न्यू ऑर्लीन्सला तंबाखूचा भाव पडला होता. फेब्रुवारीच्या १९ तारखेला पहाटे ऑर्गन नावाच्या व्यापाऱ्याला बातमी लागली की तह झाला आहे. गाव जागे होण्यापूर्वी त्याने लेडलॉ कंपनीकडून १११ पिंपे तंबाखू पडत्या भावाने ठरवली. भाव चढेल अशी काही बातमी आहे काय, असे त्याला विचारण्यात आले होते. तो गप्प बसला. बातमी फुटताच भाव तीस ते पन्नास टक्के चढला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १८१७ साली मुख्य न्यायाधीश मार्शल यांनी सांगितले, की आपल्याला ठाऊक असलेली बातमी समोरच्याला सांगण्यास घेणारा बांधलेला नाही. मात्र समोरच्याची दिशाभूल होईल असे काही त्याने बोलता कामा नये, करता कामा नये. पहिले अर्धे वाक्य वाचून मी खुर्चीत सैल बसलो होतो. उरलेले अर्धे वाचून मान आठवली.

माझ्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नव्हते असे मात्र कोणी समजू नये. तो डबा माझ्या हाती पडला नसता तर बटणांबरोबर किलरेनही उकिरड्यावर गेला असता. ते चित्र ओळखायला मी वर्षे घालवली, डोळे शिणवले. ज्ञानाचे मोल वैद्य घेतो, वकील घेतो, मग मीच का घेऊ नये? हा युक्तिवाद मला बरेच दिवस पुरला. पण वैद्य आपले ज्ञान रोग्याच्या कामी लावतो आणि त्याच्याकडून पैसे घेतो. मी माझे ज्ञान त्या बाईच्या विरुद्ध लावले होते. आणि वस्तू वाचवली हे खरे असले, तरी वाचवण्याचे काम पुठ्ठा ओळखला तेव्हाच झाले होते. तो पुन्हा बटणांत दडपला, ते कोणाला वाचवण्यासाठी?

आम्हा छांदिष्टांच्या बोलण्यात 'सापडले' हा शब्द फार. 'विकत घेतले' म्हणताना आमच्या तोंडाला चव येत नाही. 'सापडले' म्हणायला मात्र कोणीतरी न ओळखता टाकलेले असावे लागते. आमच्या आनंदाला दुसऱ्याचे अज्ञान लागते, हे मी इतकी वर्षे नीट पाहिलेच नव्हते. ज्या माणसांची चित्रे मी पूजेला लावल्यासारखी जपतो, त्यांचा खेळ रांगडा, रक्ताळलेला. पण त्या लंडन-नियमांतही, खाली पडलेल्यावर हात टाकायचा नाही, असे होते. माणूस पडला की फेरी संपली. तीस सेकंद विसावा, आणि मग रिंगणाच्या मध्यरेषेशी यायला आणखी आठ. मी त्या बाईच्या हातावर दोन डॉलर ठेवायला फार तर दहा सेकंद घेतले असतील.

याच छंदात एक माणूस असा होऊन गेला, की त्याच्यापुढे मला फार लहान वाटते. जेफरसन बर्डिक हे त्याचे नाव. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावी विजेच्या सामानाच्या कारखान्यात तो जुळणी करणारा कामगार होता. संधिवाताने हात वाकडे झालेले. त्याने लाखांनी चित्रे जमवली. आणि १९३९ पासून त्यांची सूची छापली, भावांसकट. एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखूच्या चित्रांना 'एन' आणि विसाव्यातल्यांना 'टी' ही अक्षरे त्याचीच. माझे दहा वीर आजही 'एन २८' म्हणूनच ओळखले जातात. म्हणजे पाहा, व्यापाऱ्याने यादी छापली ती लोकांना हाव सुटावी म्हणून. बर्डिकने छापली ती कोणाही अडाण्याला आपल्या वस्तूची किंमत कळावी अशी. स्वतःला स्वस्तात मिळण्याची वाट त्याने आपल्या हातांनी बुजवली. मग तीन लाखांवर चित्रे न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमला देऊन टाकली, आणि त्या वाकड्या बोटांनी ती तिथल्या वह्यांत चिकटवत बसला. १९६३ च्या जानेवारीत काम संपले. मार्चमध्ये तो गेला.

बर्डिकची हकीकत वाचली त्या संध्याकाळी मी सौ.ला म्हटले, "लेकीला सांगतो, त्या बाईंना पैसे नेऊन द्यायला."

ती लगेच हो म्हणेल असे मला वाटले होते. ती म्हणाली, "द्या की. पण आता सांगितलंत तर तुम्हांला हलकं वाटेल, आणि आपण किती वेडे ठरलो असं त्या म्हातारीला. तिच्या जिवावर तुमचं प्रायश्चित्त?"

हे माझ्या कोणत्याच पुस्तकात नव्हते. मी दोन दिवस विचार केला आणि तोड काढली. लेकीने सांगावे, की बाबांना तेव्हा ठाऊक नव्हते, घरी आल्यावर कळले. कोणी वेडे नाही, कोणी लबाड नाही.

"म्हणजे आणखी एकदा मान हलवायची," सौ. म्हणाली.

शेवटी जे होते तेच सांगायचे ठरले. लेक कुरकुरली ("बाबा, तुमच्या पुठ्ठ्यांपायी मला इथे तोंड दाखवायला जागा ठेवा!"), पण एका रविवारी अठ्ठ्याण्णव डॉलर घेऊन गेली. सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. आमच्याकडे नरकचतुर्दशीची पहाट होती. अभ्यंगस्नान उरकून, हवेत गारवा म्हणून अंगात स्वेटर चढवून, मी चकलीला हात घालणार होतो.

बाई रागावली नव्हती, हसलीही नव्हती. तिने पैसे घेतले, मोजले. तो मुष्टियोद्धा कोण, असे तिने विचारलेदेखील नाही. लेकीला बसवून घेऊन तिने विचारले ते भलतेच. ती बटणे अजून आहेत का?

तो डबा तिच्या आईचा. विकला त्या रात्रीच तिला चुटपुट लागली होती. त्यांत एक निळे बटण होते, मोठे. आईने तिच्यासाठी शिवलेल्या पहिल्या कोटाचे. पण दोन डॉलर घेऊन दिलेली वस्तू परत कशी मागायची, आणि शिवणाऱ्या बाईंना हौसेने नेलेली? म्हणून ती गप्प राहिली होती.

मी तर चित्र काढून घेतल्यावर डबा टाकून दे म्हटले होते. सौ.ने तो टाकू दिला नव्हता. लेकीच्या स्वयंपाकघरात फळीवर पडून होता. "मी लगेच नेऊन दिला," लेक सांगत होती. "किती हरखल्या त्या! टेबलावर सगळी बटणं ओतली. पण बाबा, ते निळं काही त्यांत सापडलं नाही. आईला विचारा बरं."

मी सौ.कडे पाहिले. ती माझ्या स्वेटरकडे पाहत होती. वरून तिसरे. निघण्याआधी रिचमंडलाच तिने ते लावून दिले होते, आणि मी चार महिने ते रोज हाताने लावीत-काढीत होतो.

"काढा," ती म्हणाली, आणि कात्री आणायला आत गेली.